तिसऱ्या प्रश्नापुढची खूण

माझ्या बायकोच्या गालांवर जे पांढरे ठिपके आहेत, ते डॉक्टरीणबाईंच्या चुकीने आलेले नाहीत. जयपुरातल्या आमच्या मराठी मंडळातली बहुतेक घरं गेली दोन वर्षं तसं समजून आहेत, कारण तसं त्यांना मी सांगितलं. ते खोटं होतं. मला आता शहात्तरावं चालू आहे आणि हे खोटं मागे ठेवून जायचं नाही, एवढं मी ठरवलं आहे.

सीकर रोडवरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात वायरींच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं तपासणी विभागात होतो. कराडहून आलो तो तिथूनच निवृत्त झालो. माल बाहेर पडण्याआधीच्या कागदावर माझी सही लागायची. एखाद्या गुंडाळीत दोष असला आणि कुणी तो न लिहिता पुढे ढकलला, तर मी त्याला सगळ्यांदेखत झाडायचो. "दोष असणं हा गुन्हा नाही, लपवणं हा आहे," हे मी इतक्यांदा म्हटलं, की कामगार माझ्या पाठीमागे माझ्याच आवाजात ते म्हणून दाखवायचे. हे आधीच सांगून ठेवतो. मला कळत नव्हतं, असं कुणी माझ्या बाजूने म्हणायला नको.

बायकोला तेव्हा अडुसष्टावं लागलं होतं. आदल्या वर्षी टायफॉइडने तिला पार पिळून काढलं होतं, त्यातच खालच्या चार दाढा काढाव्या लागल्या. गाल आत गेले, जबड्याखाली कातडी लोंबायला लागली. तिची धाकटी बहीण कराडहून दर रविवारी व्हिडिओवर बोलायची. एका रविवारी चेहरा दिसल्याबरोबर ती ओरडली, "बाई बाई! मला वाटलं आईच बोलतीय वरनं!"

त्यांची आई जाऊन वीस वर्षं झाली होती. बायको हसली. पण त्यानंतर फोन आला की ती कॅमेरा वर करून ठेवायची. बहिणीला अर्धा तास आमचा पंखा दिसायचा.

त्याच सुमारास नातीचं लग्न ठरलं. मुलगी-जावई आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतात. नात इथेच जन्मली, इथेच शिकली, इथेच आयटीत नोकरीला लागली. नवरामुलगाही जयपुरातलाच, शास्त्री नगरमधल्या मराठी घरातला. साखरपुडा संक्रांतीनंतर करायचा ठरला. फोटोंचा विषय निघाला तेव्हा बायको म्हणाली, "मला मागं उभी करा म्हणजे झालं."

नात म्हणाली, "आजी, मतलब काहीही काय? आजकल सगळे करतात. ऑपरेशन नाही गं, स्किन लिफ्टिंग. एका बैठकीचं काम."

मी म्हणालो, "या वयात चेहरा वर उचलून न्यायचा कुठे?"

"तुमचं पोट उचलून देतात का, ते विचारते आधी," बायको म्हणाली. त्यावरून मला कळलं, की तिच्या मनात आहे.

आता जे लिहितो ते अठ्ठेचाळीस वर्षं आम्हा दोघांतच होतं. लिहायला तिची परवानगी घेतली आहे.

लग्नानंतर आठव्या दिवशी, दुपारी, घरात कुणी नसताना तिने मला दार लावायला सांगितलं आणि कमरेची डावी बाजू दाखवली. परकराच्या नाडीची गाठ जिथे येते, बरोबर तिथे रुपयाएवढा पांढरा डाग होता. तिच्या आईने तो बघायला आलेल्या कुणालाच कळू दिला नव्हता. ती म्हणाली, "मला परत पाठवायचं तर आजच पाठवा. सवय झाल्यावर नको."

कोड हा शब्द आमच्याकडे मोठ्याने उच्चारत नसत. ज्या घरात तो निघाला, त्या घरातल्या पाठच्या मुली बसून राहायच्या. तिच्या पाठीवर दोन बहिणी होत्या. मी दार उघडलं नाही. म्हणालो, "हे तुझं आणि माझं. तिसऱ्या कुणाचं नाही." माझ्या आईला ते कधी कळलं नाही. आमच्या मुलीलाही नाही. बायकोने अठ्ठेचाळीस वर्षं दार लावून साडी बदलली. डाग रुपयाएवढ्याचा हळूहळू तळहाताएवढा झाला, पण नाडीची जागा सोडून दुसरीकडे गेला नाही. त्या दिवशी मी चांगलं वागलो असं मला आयुष्यभर वाटत आलं. अजूनही वाटतं. तेच मला पुढे नडलं.

दवाखाना विद्याधर नगरातच, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. डॉक्टरीणबाई मूळच्या सांगलीकडच्या, चाळिशीच्या आतल्या. मंडळाच्या गणपतीत मोदकांची उकड त्यांच्या हातची असायची, आणि आमच्या होणाऱ्या विहीणबाई त्यांच्या शेजारी बसून मोदक वळायच्या. शहरात त्वचेचे डॉक्टर पुष्कळ होते. आपलं माणूस आहे, मराठीत बोलेल, बायकोला हिंदीत अंगाचं सांगायला लाजायला होणार नाही, म्हणून आम्ही यांच्याकडे गेलो. आणि आपलं माणूस आहे म्हणूनच मी त्यांच्यापाशी खोटं बोललो. परक्या डॉक्टरला मी खरं सांगितलं असतं. याचा मी खूप विचार केला आहे. नक्की सांगितलं असतं.

त्यांनी बायकोला खिडकीपाशी बसवलं, गालाची कातडी चिमटीत धरून सोडली, हनुवटी वळवून दोन्ही बाजू पाहिल्या. मग समजावून सांगितलं.

"काकू, एकीला मानवतं ते दुसरीला मानवत नाही. गाल भरलेले असले तर ध्वनिलहरींचं मशीन चालतं. ते वरूनच फिरवतात, कातडीला इजा नाही. पण तुमच्या गालात चरबीच उरली नाही, त्याने ते आणखी बसतील. दोरे घालून ओढून घेतात, पण तुमची कातडी इतकी पातळ आहे की दोरा वरून दिसेल. तुम्हाला बारीक सुयांचं बरं पडेल. सुया आत जाऊन ऊब देतात, कातडी हळूहळू आवळते. फक्त त्यात शेकडो टोचे बसतात. म्हणून मला आधी तुमच्या कातडीची सगळी कुंडली पाहिजे."

"पोरीची जुळली, आता माझी जुळवा," बायको म्हणाली. तिघंही हसलो.

फॉर्म हिंदीत होता. बायको चष्मा विसरली होती, म्हणून कागद अडकवलेली पाटी माझ्या हातात आली. पहिला प्रश्न रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांचा. दुसरा, जखमेचा व्रण फुगून वर येतो का. तिसरा, तुम्हाला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला पांढरे डाग आहेत का. समोर दोन चौकोन, 'हाँ' आणि 'नहीं'.

पेन तिथे थांबलं, हे मला आठवतं. मला बायकोचा चेहरा दिसला नाही, नातीचा दिसला. रक्ताच्या नात्यात. आज इथे 'हाँ' केलं, तर गणपतीत मोदक वळता वळता शास्त्री नगरात पोचेल. मी 'नहीं'च्या चौकोनात खूण केली आणि खाली सही केली.

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि तरीही तोंडी विचारलं. "काकू, कोड वगैरे कधी काही? अंगावर कुठेही?"

बायकोने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "छे छे. आमच्यात तसलं काही नाही."

"काकू?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही."

"एकदा पाठ-पोट नजरेखालून घालू का? दोन मिनिटं."

"बाई, चेहरा उचलायचाय," मी म्हणालो. "पाठ आहे तिथेच राहू द्या." पुन्हा हशा झाला. मला माझा विनोद आवडला होता.

त्यांनी आणखी एक मार्ग ठेवला होता. कानामागे नखाएवढ्या जागेत करून पाहू आणि दोन-अडीच महिने थांबू, म्हणाल्या. मी म्हणालो, साखरपुडा दहा आठवड्यांवर आला, मग करायचं कशाला? त्या थोडा वेळ पेन हनुवटीला लावून बसल्या. "थांबलेलं बरं असतं, काका," असं एकदा म्हणाल्या, आणि त्यांच्या पुढ्यात माझ्या सहीचा स्वच्छ कागद होता, म्हणून त्यांनी तारीख दिली. हे सगळं इतकं तपशिलाने लिहितो, कारण त्यांनी काय विचारलं आणि काय विचारलं नाही, यावर मंडळात पुष्कळ चर्चा झाली आहे. त्यांनी सगळं विचारलं होतं.

उपचार झाला त्या दिवशी बायकोचे गाल डाळिंबासारखे लाल झाले होते. तोंडाला ओढणी गुंडाळून ती ई-रिक्षात बसली. दवाखान्यात बाहेरच्या टेबलावरच्या मुलीने काळजी घेण्याचा एक कागद दिला होता, तो मी वाटेत वाचला. पुढच्या बाजूला ऊन टाळा, साबण लावू नका. मागच्या बाजूला हा उपचार कुणी घेऊ नये त्याची यादी. त्यात लिहिलं होतं, की ज्यांना अंगावर कुठेही पांढरे डाग आहेत त्यांनी घेऊ नये. टोचलेल्या जागी काही आठवड्यांनी नवे डाग उठू शकतात.

रिक्षा खड्ड्यातून गेली तेव्हा बायको माझ्या अंगावर कलली. "काय लिहिलंय?" तिने विचारलं.

"ऊन टाळा, म्हणतात."

कागदाची घडी घालून मी खिशात ठेवली. तेव्हापासून मला जी भीती लागली, तशी आयुष्यात कधी लागली नव्हती. मुलीला तान्हेपणी डबल न्यूमोनिया झाला तेव्हाही नाही. तेव्हा निदान भीती दोघांची होती.

लाली चार दिवसांत गेली. तीन आठवड्यांत कातडी खरंच आवळली. जबड्याची रेघ दिसायला लागली, गालांवर तकाकी आली. बहिणीला रविवारी पंख्याऐवजी चेहरा दिसला. "अगं, काय केलंस काय? दाजींनी दुसरी केली का काय!" बायको खूश होती. मी तिच्याशेजारी बसून हसत होतो आणि तिच्या गालावरून नजर काढत नव्हतो.

रोज सकाळी ऊन गच्चीत यायच्या आधी मी तिला चहाला तिथे बोलवायचो, उजेड चांगला असायचा म्हणून. डाव्या गालापासून सुरुवात करून मी सगळा चेहरा तपासायचो, जसा वायरीचा पृष्ठभाग तपासायचो. तिला वाटायचं मी तिला न्याहाळतो आहे. एकदा लाजून म्हणाली, "काय बघताय एवढं? नवी नवरी आणलीय का?" मला तिथून उठून जावं लागलं.

भाकरीची वेळ सगळ्यात वाईट. भाकरी थापताना तिला घाम पुसायची सवय, आणि हाताचं पीठ गालाला लागतं. पांढरा ठिपका दिसला की मी हातातलं टाकून उठायचो. मी जवळ जाऊन अंगठ्याने पुसायचो. पीठ निघायचं. मी परत जाऊन बसायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. "अहो, सुनेसमोर नाही केलंत ते नातजावई यायच्या वेळी सुचतंय," ती म्हणायची. आम्हाला सूनच नाही. तिची बोलायची रीत आहे.

महिन्याने दुसऱ्या बैठकीसाठी फोन आला. तिला सर्दी झाली आहे असं सांगून मी ती टाळली. म्हणजे मला पक्कं ठाऊक होतं. तरी फोनवर पलीकडे डॉक्टरीणबाई असताना मी एवढंच म्हणालो, "बरं, कळवतो."

पाच-सहा आठवडे झाले असतील. ती बाजरीची भाकरी थापत होती. डोळ्याच्या खाली, गालाच्या हाडावर दोन ठिपके होते. मी अंगठ्याने पुसले. अंगठ्याला काही लागलं नाही. मी पुन्हा पुसले, जरा जोरात.

बाजरीचं पीठ पांढरं नसतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

तिचा हात परातीत थांबला. हात धुऊन ती आतल्या आरशासमोर गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आठवड्याभरात दोन्ही गालांवर ठिपके उमटले, एका ओळीत, सारख्या अंतरावर, सुया लागल्या होत्या तसे. तिनेच म्हटलं, "रांगोळीचे ठिपके घातल्यासारखे आहेत. आता जोडायला कोण येणार?" आणि मग पहिल्यांदा रडली.

मी खिशातल्या कागदाचं तिला सांगितलं नाही. ती म्हणाली, "साखरपुडा होईपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही," आणि मी लगेच हो म्हणालो. नातीच्या मेकअपच्या डब्यातलं कातडीच्या रंगाचं मलम ती थापून लावायला लागली.

साखरपुड्याचा हॉल लहान होता. दुपार, माणसं दाटीने बसलेली, जेवणाच्या वाफा. ओटी भरून झाल्यावर बायकोने सवयीने पदराने तोंड पुसलं. मी ते लांबून पाहिलं. विहीणबाई तिच्या समोरच होत्या. "अहो काकू, हे काय झालं तुमच्या गालाला?" त्यांच्या आवाजात फक्त काळजी होती. पण आजूबाजूच्या चार-पाच बायका वळल्या.

मी तिथे कसा पोचलो आठवत नाही. पोचलो आणि म्हणालो, "काय सांगायचं तुम्हाला. डॉक्टरीणबाईंनी सुया जास्त आत घातल्या. जाळून ठेवलं."

डॉक्टरीणबाई भिंतीशी ताट हातात घेऊन उभ्या होत्या. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या बायकोच्या गालाकडे बघत होत्या, दहा पावलांवरून, आणि मला दिसलं की त्यांना कळलं. आता त्या बोलतील असं मला वाटलं. त्यांनी ताट खाली ठेवलं, जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काकू, उद्या सकाळी या. लवकर सुरू केलं तर रंग परत येतो."

"आता पुन्हा तुमच्याकडे?" मी म्हणालो. तेही सगळ्यांना ऐकू गेलं.

मी तिला तीन आठवडे जाऊ दिलं नाही. त्या बघतील, कंबर दाखवा म्हणतील, मग सगळंच उघडं पडेल, ही भीती. रोज एखाद-दुसरा ठिपका मोठा होत होता, दोन ठिपके मिळून एक होत होते आणि मी घरात बसून तिला सांगत होतो, की अंगाला सवय झाली की जाईल. मी नक्की कुणाला वाचवत होतो, हे मला तेव्हा विचारलं असतं तर नातीला, असं मी सांगितलं असतं.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी ती पिशवी घेऊन भाजीला म्हणून गेली आणि दीड तासाने रिकामी पिशवी घेऊन आली. जयपुरात इतकी वर्षं काढूनही ती कुठल्याही डॉक्टरकडे एकटी कधी गेली नव्हती.

"दाखवून आले," ती म्हणाली. "कंबर पण."

मी खुर्चीत बसलो.

"अंधार करून निळा दिवा लावला त्यांनी. गाल चुना लावल्यासारखे चमकत होते. त्या म्हणाल्या, काकू, तुमच्या कातडीला जिथं घासतं, जिथं टोचतं, तिथं ते येतं. नाडीच्या जागी म्हणूनच आलं होतं. अठ्ठेचाळीस वर्षं तुमचं अंग हेच सांगत होतं, म्हणाल्या."

"आणखी काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, काकांना मलम वेळेवर लावायला सांगा."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. माफी मागायला गेलो होतो, पण तोंडातून निघालं ते असं: "तुम्ही तिकडे कुणाला सांगणार तर नाही ना?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काका, पेशंटचं मी बाहेर बोलत नाही. माझ्या फायद्याचं असलं तरी."

आणि त्या खरंच बोलल्या नाहीत. मंडळातल्या बायका त्यांच्याकडे जायच्या बंद झाल्या. त्या वर्षी गणपतीत उकड दुसऱ्या कुणी काढली. मोदक फाटले, त्यावर हसणं झालं, आणि कुणीतरी म्हणालं, "फाटले तर फाटले, भाजले तर नाहीत ना!" मी तिथेच पंगतीत होतो. मीही हसलो. त्या पुढे मंडळात आल्याच नाहीत. त्या काळातच माझी बायको आठवड्यातून दोनदा त्यांच्या दवाखान्यात प्रकाशाच्या उपचाराला मागच्या दाराने जात होती. त्यांनी तिला कधी पुढच्या दाराने या म्हटलं नाही.

लग्न झाल्यावर सांगू, असं मी ठरवलं होतं. लग्न झालं. मग वाटलं, संसार नवा आहे, जरा रुळू दे. असं करत दोन वर्षं गेली. दरवाजाची घंटा वाजली की मला आधी वाटायचं, शास्त्री नगरातून कुणी विचारायला आलं.

गेल्या महिन्यात नात राहायला आली होती. आजीच्या गालाला मलम लावून देत होती. बरेचसे ठिपके आता भरले आहेत. गालाच्या हाडावरचे मात्र तसेच आहेत. लावता लावता सहज म्हणाली, "आजी, कमरेवरच्या बादलला पण लावायचं का?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कसला बादल?"

"आजोबा, आजीचा बादल नाही का? लहानपणी आजी मला आंघोळ घालताना साडी वर खोचायची, तेव्हा दिसायचा. मी त्याला बादल म्हणायचे."

"आणि तुझ्या नवऱ्याला...?"

"त्याला तर मी दुसऱ्याच भेटीत सांगितलं. म्हटलं, आमच्या आजीला असं आहे, मला किंवा मुलांना पण होऊ शकतं, काही प्रॉब्लेम असेल तर आत्ताच बोल. तो म्हणाला, आजीच्या कमरेशी माझा काय संबंध?" ती हसायला लागली. मग माझं तोंड पाहून थांबली. "आजोबा? काय झालं?"

मी तिला सगळं सांगितलं. तिने मलमाची डबी बंद करून ठेवली. मग तिने विचारलं, "मतलब त्या डॉक्टर मॅडमनी काहीच केलं नव्हतं?"

ते वाक्य ऐकल्यावर मी लिहायला बसलो. येत्या रविवारी गणपतीच्या तयारीची बैठक आहे. कामं वाटून देतात, उकड कुणी काढायची तेही ठरतं. त्याआधी मी हे उभं राहून वाचणार आहे. डॉक्टरीणबाईंना तसं सांगायला गेलो, या वेळी माफीही मागितली. त्यांनी एवढंच विचारलं, "काकूंची परवानगी आहे?" आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "मग वाचा. मी येईन असं मात्र धरू नका." मी तसं धरलेलं नाही.

काल बायकोला कागद वाचायला दिले. तिने चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, मध्ये एकदा उठून दूध उतरवून आली. मग म्हणाली, "एक राहिलंय."

"काय?"

"त्यांनी मला विचारलं होतं. काकू म्हणून. मी नाही म्हणाले, एवढंच लिहिलंय तुम्ही. का म्हणाले ते नाही लिहिलं."

"का म्हणालीस?"

"मी हो म्हणणार होते. घरून ठरवूनच निघाले होते, आपल्या मराठीतल्या बाई आहेत, त्यांना सांगायचं. पण तुम्ही आधी बोलून बसलात. परक्या माणसासमोर नवऱ्याला खोटं कसं पाडायचं?" तिने कागद नीट जुळवून माझ्या हातात दिले. "हे पण लिहा. अर्धा 'नाही' माझा आहे."

ते मी लिहिलं. अर्धा तिचा आहे असं मला वाटत नाही, पण तिने सांगितलं तसं लिहिलं. रविवारची मला फार भीती वाटते. शास्त्री नगरची मंडळी समोर असतील, आणि याच ओळीवर आवाज बसेल असं वाटतं. तिला तसं म्हणालो.

ती म्हणाली, "बसला तर बसला. तिथून पुढं मी वाचते."